औषधाची किंमत कोण ठरवतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही बड्या औषध कंपन्या आणि गरीब देशांतले पेशंट या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप मिळून बरेच आले आणि पुष्कळसे एकाच मुद्द्याभोवती फिरत होते, त्यामुळे सहा निवडलेत. आजारपणाच्या गोष्टी आहेत म्हणून कुणाचंच नाव छापलेलं नाही, गाव तेवढं दिलंय.

बार्शीहून एक वाचक : ताई, माझ्या धाकट्या भावाला एमडीआर टीबी, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा टीबी, निघालाय. सरकारी दवाखान्यातून बेडाक्विलिनच्या गोळ्या फुकट मिळतात, सहा महिन्यांचा कोर्स सांगितलाय. पण आमच्या काकांना २०१४ साली हाच आजार झाला होता तेव्हा रोज इंजेक्शन होतं, दोन वर्षं उपचार चालले आणि त्यांना ऐकू येणं बंद झालं ते कायमचंच. नेटवर बघितलं तर हे औषध २०१२ मध्येच निघालेलं दिसतं. मग काकांना का नाही मिळालं?

दादा, काकांचं वाचून फार वाईट वाटलं. त्यांना दिलं ते बहुतेक कॅनामायसिन असणार, त्या काळात एमडीआरच्या पेशंटला ते किंवा त्याच जातीचं दुसरं इंजेक्शन सहा-आठ महिने टोचायचे. ते कानाच्या आतल्या बारीक पेशी मारतं आणि एकदा मेल्या की त्या परत येत नाहीत. डॉक्टरांना हे माहीत असायचं पण हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणजे जीव वाचवायचा तर कान जाऊ शकतात हे धरूनच उपचार सुरू व्हायचे आणि पुष्कळदा पेशंटला हे कुणी नीट बसून सांगायचंसुद्धा नाही.

बेडाक्विलिनला अमेरिकेत डिसेंबर २०१२ मध्ये परवानगी मिळाली. चाळीस वर्षांत टीबीसाठी आलेलं ते पहिलं नव्या प्रकारचं औषध. आणि त्याच्या साधारण वर्षभर आधी आपल्या मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडियांनी जगाला सांगितलं होतं की आमच्याकडे असे पेशंट आहेत ज्यांच्यावर असलेलं एकही टीबीचं औषध लागू पडत नाही. म्हणजे गरज कुठे आहे हे सगळ्यांना दिसत होतं. जगातल्या टीबीच्या पेशंटपैकी साधारण चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे. तरी जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीने सुरुवातीला दर लावले ते असे, श्रीमंत देशांना एका कोर्सचे ३०,००० डॉलर, मधल्या देशांना ३,००० आणि अगदी गरीब देशांना ९००. आपल्याकडे हे औषध मार्च २०१६ मध्ये सरकारी कार्यक्रमात आलं ते दान म्हणून मिळालेल्या साठ्यातून, तेही देशभरात फक्त सहा केंद्रांवर. पाटण्याच्या एका अठरा वर्षांच्या मुलीला दिल्लीच्या हॉस्पिटलने तू दिल्लीची रहिवासी नाहीस म्हणून औषध नाकारलं आणि तिच्या वडलांना २०१७ मध्ये दिल्ली हायकोर्टात जावं लागलं तेव्हा कुठे ते मिळालं. यात सगळा दोष कंपनीचा होता असं मी म्हणणार नाही, सरकारनेसुद्धा नवं औषध आहे, जपून वापरू असं म्हणत फार वर्षं घालवली. पण औषध मोजून-मापून दानातच यायचं असेल तर सरकारही ते मोजून-मापूनच वाटणार.

आता मुख्य गोष्ट. कंपनीकडे बेडाक्विलिनच्या मूळ रेणूचं पेटंट, म्हणजे ठरावीक वर्षं ते फक्त आपणच बनवायचा-विकायचा हक्क, होतं, ते जुलै २०२३ ला संपणार होतं. पण कंपनीने त्याच औषधाच्या फ्युमरेट क्षाराचं, म्हणजे त्याच रेणूच्या गोळीत वापरतात त्या रूपाचं, वेगळं पेटंट मागितलं होतं, ते मिळालं असतं तर मक्तेदारी २०२७ पर्यंत गेली असती. जुन्याच साडीला नवा फॉल लावला म्हणून ती नवी साडी होत नाही ना, तसंच हे. याला मुंबईच्या पेटंट ऑफिसात दोन जणींनी २०१९ मध्ये हरकत घेतली. एक मुंबईची नंदिता वेंकटेशन, भरतनाट्यम करणारी मुलगी, टीबीच्या इंजेक्शनांनी २०१३ मध्ये तिचे कान गेले. दुसरी केपटाऊनजवळच्या खायेलित्शाची फुमेझा टिसिले, तिचेही कान तसेच गेलेले. दोघी टीबीतून वाचलेल्या, कायद्याचं शिक्षण नाही, कंपनीसमोर वकिलांची फौज. आणि २३ मार्च २०२३ ला पेटंट ऑफिसने निकाल दिला की हे नवं पेटंट देता येणार नाही.

पुढे काय झालं ते बघा. जुलैमध्ये मूळ पेटंट संपलं आणि भारतीय कंपन्यांना वाट मोकळी झाली. त्याच वर्षी जगभरच्या टीबी कार्यक्रमांसाठी औषधं खरेदी करणाऱ्या ग्लोबल ड्रग फॅसिलिटीने टेंडर काढलं तर लुपिन या भारतीय कंपनीने एका कोर्सचे १९४ डॉलर सांगितले आणि जॉन्सन अँड जॉन्सन स्वतः १३० डॉलरवर आली, म्हणजे आधीच्या दराच्या निम्म्याहून खाली. सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने जाहीर केलं की १३४ देशांत आम्ही या औषधाच्या पेटंटचा आग्रह धरणार नाही. गोळी तीच, कारखाना तोच, बदललं एवढंच की शेजारी दुसरा विक्रेता येऊन उभा राहिला. म्हणून तुमच्या काकांना का नाही मिळालं याचं माझ्याकडचं उत्तर असं की तेव्हा एकच विकणारा होता आणि त्याने ठरवलेल्या दरात काकांसारखी माणसं बसत नव्हती. शिवाय या औषधाच्या चाचण्यांमध्ये सरकारांचा आणि दानशूर संस्थांचा जो पैसा गेला तो संशोधकांच्या हिशेबाने कंपनीने घातलेल्या पैशापेक्षा जास्त भरतो, हेही लक्षात ठेवा.

भावाबद्दल थोडं. जुना ठरलेला डोस असा की पहिले दोन आठवडे रोज चार गोळ्या आणि पुढचे बावीस आठवडे आठवड्यातून तीनदा दोन-दोन, एकूण १८८ गोळ्या होतात, पण त्याला नेमका कोणता कोर्स दिलाय ते दवाखान्यातून लिहून घ्या आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू देऊ नका. या औषधाने हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो म्हणून अधूनमधून ईसीजी काढतात, ती तारीख चुकवू नका. आणि टीबीच्या पेशंटसाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये त्याच्या खात्यात येतात का तेही तपासा, बँक खातं नोंदवलेलं नसेल तर ते नुसते अडकून पडतात.

नाशिकहून एक विद्यार्थी : मी बी. फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे एक सर म्हणतात की नवीन औषध काढायला हजारो कोटी लागतात, भारत कॉपी करतो, ही एक प्रकारे चोरीच आहे, आणि पेटंट नसेल तर उद्या नवीन औषधं काढणार कोण? मला ते पटतही आहे आणि नाहीही.

तुझ्या सरांचा शेवटचा प्रश्न अगदी खरा आहे, तो टाळून चालणार नाही. औषध शोधायला पैसा लागतो, दहा रेणू घेऊन निघालं तर नऊ वाटेतच पडतात, त्या पडलेल्यांचाही खर्च कुठून तरी निघावा लागतो. पण चोरी हा शब्द मला मान्य नाही. चोरी म्हणायला आधी कायद्याने ती वस्तू कुणाची तरी असावी लागते आणि औषधावर पेटंट द्यायचं की नाही हे प्रत्येक देश आपापलं ठरवत आलाय. स्वित्झर्लंड, जिथे रोश आणि नोव्हार्टिस या बड्या औषध कंपन्या आहेत, त्या देशाने औषधाच्या रेणूला पेटंट द्यायला सुरुवात केली १९७७ मध्ये. इटलीने १९७८ मध्ये, स्पेनने १९९२ मध्ये. आधी स्वतःचा उद्योग उभा केला, मग पेटंट. आपण तेच केलं. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९ चा रिपोर्ट मिळाला तर जरूर वाच, त्यांनी दाखवून दिलं होतं की भारतातली बहुतेक पेटंटं परदेशी मालकांची आहेत आणि त्यातली बहुतेक इथे वापरलीच जात नाहीत, नुसती दुसऱ्याला अडवायला घेऊन ठेवलेली. त्यावरून १९७० चा कायदा आला, तो १९७२ पासून लागू झाला, औषध बनवायच्या पद्धतीवर पेटंट मिळेल पण औषधावर नाही. आज तू ज्या कंपन्यांमध्ये नोकरीची स्वप्नं बघतोस त्यातल्या बहुतेक त्या कायद्याच्या जिवावर मोठ्या झाल्या. मग १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचा ट्रिप्स करार आला आणि त्यापायी २००५ पासून आपल्याला औषधावर पेटंट द्यावं लागतंय. म्हणजे आज आपण तो करार पाळतो, फक्त त्याच करारात ठेवलेल्या सवलती वापरतो.

आता पेटंट असलं की नवीन औषधं निघतात या म्हणण्याकडे बघ. निघतात, पण कुणासाठी? एफ्लॉर्निथिन नावाचं एक औषध आहे, वर्गात कदाचित नाव ऐकलं असशील. आफ्रिकेतल्या झोपेच्या आजारावर, त्सेत्से माशी चावून होतो तो, मेंदूपर्यंत पोचला की माणूस बेशुद्ध होऊन मरतो, त्यावर हे इतकं गुणकारी होतं की बेशुद्ध माणसं उठून बसायची. तोवर जे औषध होतं ते आर्सेनिकचं होतं, शिरेतून देताना आग आग व्हायची आणि काही पेशंट त्या औषधानेच दगावायचे. तर असं हे एफ्लॉर्निथिन कंपनीने १९९५ मध्ये बनवणं बंद केलं, कारण काँगो, सुदान, युगांडातल्या खेड्यांमधून पैसा सुटत नव्हता. आणि २००० मध्ये तेच औषध अमेरिकेत परत आलं, बायकांच्या चेहऱ्यावरचे नको असलेले केस कमी करायच्या क्रीममध्ये. मग डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारख्या संघटनांनी आवाज उठवला आणि २००१ मध्ये आव्हेंटिस कंपनीने जागतिक आरोग्य संघटनेशी करार करून झोपेच्या आजारासाठी ते पुन्हा पुरवायला घेतलं. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा झोप लागली नव्हती आणि आजही ती लिहिताना राग येतो. औषध होतं, बनवता येत होतं, पण मरणाऱ्याच्या खिशात पैसे नव्हते.

म्हणून पेटंट हा संशोधनाला पैसा पुरवायचा एक मार्ग आहे, एकमेव नाही, हे तुझ्या सरांना सांग. त्याच झोपेच्या आजारावर पुढे फेक्सिनिडाझोल नावाची तोंडाने घ्यायची गोळी आली, २०१८ मध्ये तिला युरोपच्या औषध नियंत्रकांनी हिरवा कंदील दिला, ती २००३ मध्ये स्थापन झालेल्या डीएनडीआय नावाच्या ना-नफा संस्थेने सनोफी कंपनीला बरोबर घेऊन काढली. आणि इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपलं पेटंट टोरंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं होतं.

कंपालाहून एक वाचक : मी मूळची सांगलीची, लग्नानंतर युगांडात आले. इथल्या फार्मसीत निम्मी पाकिटं भारतातली दिसतात, बघून बरं वाटतं. हल्ली एचआयव्ही होऊ नये म्हणून वर्षातून दोनदा घ्यायच्या इंजेक्शनची चर्चा आहे, त्याची चाचणी इथेच झाली म्हणतात. इथल्या बायकांना ते परवडेल का? आणि भारताची औषधं इथे एवढी पोचली कशी?

वहिनी, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते कारण त्याची सुरुवात मुंबईत आहे. एचआयव्हीची तीन औषधं एकत्र दिली की माणूस जगतो हे १९९६ च्या सुमारास कळलं होतं, पण वर्षाचा खर्च १०,००० ते १५,००० डॉलर. आफ्रिकेत लाखो माणसं मरत होती आणि तेव्हा श्रीमंत देशांतले काही मोठे अधिकारी चक्क म्हणायचे की तिथल्या लोकांना गोळ्या वेळेवर घेता येणार नाहीत. दक्षिण आफ्रिकेने स्वस्त औषधं आणता यावीत म्हणून १९९७ मध्ये कायदा केला तर ३९ कंपन्यांनी मिळून सरकारला कोर्टात खेचलं, प्रतिवादींमध्ये नेल्सन मंडेलांचं नाव. आणि फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीच्या युसुफ हमीद यांनी जाहीर केलं की हीच तीन औषधं आम्ही डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ. दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी! त्यानंतर कुणाला किंमत खर्चामुळे आहे असं म्हणायला तोंडच उरलं नाही. १९ एप्रिल २००१ ला त्या ३९ कंपन्यांनी केस मागे घेतली आणि नोव्हेंबरमध्ये दोहाला सगळ्या देशांनी मान्य केलं की ट्रिप्स करार जनतेच्या आरोग्याच्या आड येऊ नये. तुमच्या फार्मसीतली ती पाकिटं या सगळ्यातून आलेली आहेत.

आता इंजेक्शन. ते लेनाकापाविर, गिलियड कंपनीचं. चाचणी युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेत तरुण मुली आणि बायकांवर झाली, ज्या दोन हजारांवर जणींना हे इंजेक्शन दिलं त्यातल्या एकीलाही लागण झाली नाही, असा निकाल फार क्वचित बघायला मिळतो. अमेरिकेत त्याचा वर्षाचा दर २८,००० डॉलरच्या वर आहे. पण गिलियडने सहा जेनेरिक कंपन्यांना, म्हणजे दुसऱ्याने शोधलेलं औषध मूळ नावाने स्वस्तात बनवणाऱ्यांना, १२० देशांसाठी बनवायची परवानगी दिलीय, त्यात युगांडा आहे, आणि त्यातल्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या आपल्या हैदराबादच्या दोन कंपन्यांनी २०२७ पासून वर्षाला ४० डॉलरच्या आसपास देऊ असं सांगितलंय. म्हणजे तुमच्याकडच्या बायकांना ते मिळायची आशा चांगली आहे. मला खटकतं ते वेगळंच. ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको, पेरू या देशांतल्या माणसांवरसुद्धा या औषधाच्या चाचण्या झाल्या आणि हे चारही देश त्या १२० च्या यादीत नाहीत. औषध लागू पडतं का हे बघायला त्यांची शरीरं चालली, स्वस्त औषध द्यायच्या वेळी मात्र तुम्ही मध्यम उत्पन्नाचे. अशी परवानगी ही कंपनीची मेहेरबानी असते, यादी ती करते, आणि ज्याचं नाव यादीत नाही त्याला दाद मागायला जागा नसते.

जाता जाता, आमच्या पुण्याचंही तिकडे नाव आहे. आफ्रिकेतल्या ए प्रकारच्या मेंदुज्वरावरची लस ५० सेंटच्या आत बनवायला मोठ्या कंपन्या तयार होईनात तेव्हा ती सीरम इन्स्टिट्यूटने बनवली आणि डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत तिची देशभर मोहीम सुरू झाली.

कोल्हापूरहून एक वाचक : बायकोला कॅन्सर आहे. डॉक्टरांनी जे औषध लिहून दिलंय त्याचा महिन्याचा खर्च दीड लाखाच्या घरात जातो. शेत विकायची वेळ आली आहे. कुणीतरी सांगितलं की सरकार कंपनीचं पेटंट बाजूला ठेवून स्वस्त औषध बनवायला लावू शकतं. मी तसा अर्ज करू शकतो का?

भाऊ, शेत विकायच्या आधी थोडं थांबा आणि काही गोष्टी करा. डॉक्टरांना सरळ विचारा की याच औषधाचं जेनेरिक, किंवा ते इंजेक्शन असेल तर बायोसिमिलर, म्हणजे सजीव पेशींपासून केलेल्या औषधाची तशीच दुसऱ्या कंपनीची आवृत्ती, भारतात मिळतं का, आणि माझ्या बायकोला ते चालेल का. पुष्कळदा मिळत असतं पण कुणी विचारत नाही म्हणून कुणी सांगत नाही. मुंबईचं टाटा हॉस्पिटल आणि त्यांच्याबरोबरच्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधली हॉस्पिटलं एकत्र मिळून औषधं खरेदी करतात, त्यांचे दर बाहेरच्या दुकानापेक्षा खूपच खाली असतात, तेव्हा निदान एकदा तिथलं मत घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. कंपनीचा पेशंट मदत कार्यक्रम असतो, दोन महिन्यांचं घ्या एक महिन्याचं फुकट असं काहीतरी, तोही विचारा, पण त्याने किंमत खाली येत नाही हे ओळखून असा.

आता अर्जाचं. याला सक्तीचा परवाना म्हणतात आणि तो भारतात आजवर एकदाच दिला गेलाय, तोही मुंबईतून. बायर कंपनीचं नेक्साव्हर, यकृत आणि किडनीच्या कॅन्सरचं औषध, १२० गोळ्यांचा महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये. नॅटको या हैदराबादच्या कंपनीने पेटंट कंट्रोलरकडे, म्हणजे पेटंट ऑफिसच्या प्रमुखाकडे, अर्ज केला की आम्ही हेच ८,८८० रुपयांत देतो. सुनावणीत समोर आलं की ज्यांना हे औषध हवं होतं त्यांच्यातल्या जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत बायर पोचत होती. ९ मार्च २०१२ ला कंट्रोलर पी. एच. कुरियन यांनी परवाना दिला, नॅटकोने विक्रीच्या सहा टक्के बायरला द्यायचे, पुढे ते सात झाले. बायर अपिलात गेली, मुंबई हायकोर्टाने २०१४ मध्ये परवाना कायम ठेवला आणि सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. बायरचे तेव्हाचे प्रमुख त्या दरम्यान जाहीरपणे म्हणाले होते की हे औषध आम्ही भारतीय बाजारासाठी नाही, ज्यांना परवडतं अशा पाश्चात्त्य पेशंटसाठी काढलं. नंतर त्यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला, पण धंदा कसा चालतो ते त्यांच्या तोंडून बाहेर पडलं ते पडलंच.

मग अर्ज तुम्ही करावा का? औषध बनवायची ताकद असणाऱ्यालाच तो परवाना उपयोगी, त्यामुळे एकट्या पेशंटने करून काही होत नाही. पेटंट मिळून तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि निकालाला वर्षं लागतात. तुमच्या बायकोकडे तेवढा वेळ आहे असं मी खोटं सांगणार नाही. पण सरकारला स्वतःहून हे करायचा अधिकार आहे, कायद्यात आहे, आणि २०१२ नंतर एकदाही तो परवाना दिला गेलेला नाही. तुमच्या खासदाराला पत्र लिहा. त्यात औषधाचं नाव, महिन्याचं बिल आणि घरचं उत्पन्न एवढं तरी लिहा, अशी शंभर पत्रं गेली की फरक पडतो.

ठाण्याहून एक वाचक : जेनेरिक घ्या असं तुम्ही लोक सांगता, पण कफ सिरपने मुलं दगावल्याच्या बातम्या वाचून भीती वाटते. महाग औषध निदान खात्रीचं तरी असतं ना?

भीती रास्त आहे. २०२२ मध्ये गांबियात भारतातून गेलेल्या सिरपमुळे साठ-सत्तर मुलं गेली आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे तेच झालं, सिरपमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल, किडन्या निकामी. पण ते सिरप ब्रँडच्या नावाने विकलं जात होतं, जेनेरिक म्हणून नाही. आणि हे विष आपल्याला नवीन नाही, १९८६ मध्ये मुंबईच्या जेजे हॉस्पिटलात ग्लिसरॉलमध्ये तेच आलं, चौदा पेशंट गेले, चौकशी करणाऱ्या लेंटिन आयोगाने एफडीए म्हणजे राज्याच्या औषध प्रशासनापासून मंत्रालयापर्यंत कोण कसं वागलं ते पानोपानी लिहून ठेवलं. त्याला आता चाळीस वर्षं होत आली. तेव्हा प्रश्न तपासणी करणाऱ्यांचा आहे, इन्स्पेक्टर किती, लॅब किती, सदोष कंपनीला शिक्षा होते की नाही याचा. जास्त पैसे मोजले म्हणून ती तपासणी होत नाही.

तुम्ही काय करायचं तर पाकिटावर औषधाचं मूळ नाव, मात्रा, बॅच नंबर, बनवणाऱ्याचा पत्ता बघा आणि बिल घ्या, बिलाशिवाय तक्रार उभी राहत नाही. बीपी, शुगर, थायरॉइडच्या रोजच्या गोळ्यांना जनऔषधी केंद्रात चौकशी करा. साध्या दुकानात जेनेरिक मागाल तर सावध राहा, छापील किंमत मुद्दाम फुगवलेली असते आणि दुकानदाराला ते फार स्वस्तात पडलेलं असतं, तेव्हा सूट मागा, लाजू नका. आणि चार वर्षांच्या आतल्या मुलाला सर्दी-खोकल्याचं सिरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाजू नका, ते कुठल्याही कंपनीचं असो.

साताऱ्याहून एक वाचक : पेटंटला सामान्य माणूस हरकत घेऊ शकतो असं ऐकलं. ती कशी घ्यायची?

खरं आहे. पेटंट कायद्याच्या २५ व्या कलमात आहे की पेटंट मिळायच्या आधी कुणीही हरकत घेऊ शकतो, तुम्ही वकील किंवा कंपनी असायला पाहिजे असं नाही. नंदिता आणि फुमेझाने तेच कलम वापरलं. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक या ब्लड कॅन्सरच्या औषधाला मुंबईच्याच कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली होती, ती लढत सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि १ एप्रिल २०१३ ला न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी सांगितलं की जुन्या औषधाचं नवं रूप आणलं तर ते रोग्याला जास्त गुणकारी आहे हे दाखवा, नाहीतर पेटंट नाही. हा कायद्यातला ३ घ कलमाचा नियम, आणि त्याच्यावर परदेशी कंपन्यांचा आणि अमेरिकी सरकारचा डोळा कायम असतो, प्रत्येक व्यापार कराराच्या वेळी तो बदलावा म्हणून दडपण येतं.

पद्धत अशी की अर्ज भरल्यावर साधारण अठरा महिन्यांनी तो पेटंट जर्नलमध्ये छापला जातो, जर्नल दर शुक्रवारी वेबसाइटवर येतं, फुकट बघता येतं. तिथून पुढे पेटंट मंजूर होईपर्यंत हरकत घेता येते, ७ए नंबरचा फॉर्म असतो, सोबत हे संशोधन नवं का नाही याचे पुरावे जोडायचे. मुंबईचं ऑफिस अँटॉप हिलला आहे. पूर्वी याला फी नव्हती, मार्च २०२४ च्या नवीन नियमांनी फी लावली, आणि हरकत ऐकून घ्यायची की नाही हे आधी कंट्रोलर ठरवणार असंही केलं. त्याच नियमांनी कंपन्यांना दरवर्षी द्यावं लागणारं निवेदन, म्हणजे पेटंट घेतलं ते भारतात प्रत्यक्ष वापरलं का, ते तीन वर्षांतून एकदा केलं. याच निवेदनावरून नेक्साव्हरच्या वेळी बायर किती कमी औषध आणते ते पकडता आलं होतं. मला हे दोन्ही बदल चुकीचे वाटतात आणि ते मागे घ्यावेत म्हणून आम्ही काही जण पत्रव्यवहार करतोय.

एकट्याने करू नका, रसायनशास्त्र जाणणारा एक माणूस आणि पेटंटचं काम केलेला एक वकील लागतोच, पेशंट संघटनांकडे ही माणसं असतात. तुमच्याकडे कुणाला एखाद्या ठरावीक औषधाबद्दल विचारायचं असेल तर औषधाचं मूळ नाव आणि महिन्याचा खर्च लिहून मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, त्याच्या पेटंटचं काय चाललंय ते शोधून पुढच्या अंकात छापू.